कला कशासाठी?



“गुरुजी, गाण्या-चित्रांनी पोट भरते का?” असे एका पालकांनी मला विचारले. प्रश्न रास्त आहे. पोट भरण्याची हमी मी देत नाही. पण शाहीर अमर शेख आठवा. मूळचे मेहबूब हुसेन पटेल, जन्म १९१६, बार्शीचे. आधी मोटारीवर क्लीनर, मग गिरणी कामगार. आईच्या तोंडची गाणी ऐकून त्यांचा कान तयार झाला. विषय शोधायला ते लांब गेले नाहीत. कामगार, शेतकरी, भोवतीची गरिबी, एवढे त्यांना पुरले. अण्णा भाऊ साठे व गव्हाणकर यांच्यासोबत ते लाल बावटा कलापथकात गायले. संयुक्त महाराष्ट्राची मागणी त्यांनी डफावर सांगितली, ती वर्तमानपत्र वाचता न येणाऱ्यालाही कळली. १९६९ साली ते अपघातात गेले, तेही आपल्या इंदापूरजवळ. वर्गात त्यांचे नाव विचारले, तर दोनच हात वर आले!

मुलांनो, या सुट्टीत आजीजवळ बसा. तिला येणारी जात्यावरची गाणी वहीत उतरवून आणा. उसाच्या फडाचे एक चित्रही काढा. पालकांनो, त्या वहीला अभ्यासाची वही समजा, एवढेच मागणे.