बर्फावरील खेळ आणि पायांची ऊब



काश्मीरांतील गुलमर्ग येथें दर हिवाळ्यांत देशाच्या निरनिराळ्या भागांतून तरुण मंडळी बर्फावरील खेळ शिकावयास जातात. आपल्या महाराष्ट्रांतील मुलेंमुलीही त्यांत असतात. पायांना लांब, अरुंद फळ्या बांधून उतारावरून वेगानें घसरत येणें, या खेळास स्कीइंग म्हणतात. गुलमर्गची उंची सुमारें २,६५० मीटर असून तेथील तारेवरचा पाळणा खेळाडूस ३,९०० मीटरांच्या पलीकडे नेऊन सोडतो. जानेवारींत तेथें रात्रीं पारा शून्याखालीं दहा अंश उतरला तरी कोणास नवल वाटत नाहीं. ज्या पायांना आपल्याकडील पौषांतली पहांट हीच थंडीची परमावधि, त्यांचें रक्षण तेथें कसें करावें, याचा आज विचार करूं.

अशा प्रसंगीं आपल्याकडील माणूस बहुधा एकावर एक दोन-तीन पायमोजे चढवितो आणि बुटाच्या पट्ट्या करकचून आंवळतो. हा उपाय नव्हे, अपाय होय. मोजा किंवा बूट ऊब निर्माण करीत नाहीं. ऊब येते ती रक्ताबरोबर. वस्त्राचें काम ती राखण्याचें. याची प्रचीति घेण्यास हिमालयांत जावयास नको. बोटाभोंवतीं दोरा घट्ट गुंडाळा. थोड्याच वेळांत बोटाचा रंग पालटून तें गार लागूं लागेल. (दोरा लगेच सोडावा, हें सांगणें नलगे!) वर्गांत हा प्रयोग मीं मुलांकडून अनेकदां करवून घेतला आहे. घट्ट बुटांत दहाही बोटांची हीच गत होते.

दुसरें असें कीं, दुलईंतील कापूस दबून त्याचे गोळे झाले म्हणजे ती जड तेवढी लागते, ऊब देत नाहीं. तोच कापूस पिंजाऱ्याकडून पिंजून आणला कीं दुलई पुन्हां उबदार होते. वजन तेंच असतें. वाढते ती आंत कोंडलेली हवा. मोज्यांचेंही तसेंच आहे. यास्तव बेताच्या जाडीचा, लोकरीचा, सुरकुती न पडणारा एकच मोजा घालावा, आणि बुटांत बोटें हलवितां येतील इतकी जागा ठेवावी.

थंडीपेक्षांही मोठा शत्रु ओल हा होय. पाण्याची उष्णता वाहून नेण्याची शक्ति हवेच्या सुमारें २५ पट आहे. पाय तर बर्फावरही घामेजतात. सुती मोजा तो घाम पिऊन पायास ओल्या फडक्यासारखा चिकटतो; लोकर ओल शोषूनही बरीच ऊब राखते. युरोपच्या उत्तर टोंकाकडील सामी लोकांनीं यावर फार पूर्वीं तोड काढली होती. रेनडिअरच्या केसाळ कातड्याच्या बुटांत ते एका जातीचें वाळलेलें गवत भरीत. गवत घाम शोषून घेई. रात्रीं तें काढून, मोकळें करून वाळवीत व सकाळीं पुन्हां भरीत. नॉर्वेचा शोधक फ्रित्यॉफ नान्सेन यानें १८८८ सालीं पांच सोबत्यांसह, त्यांत दोघे सामी होते, ग्रीनलंडचें हिमपठार स्कीवरून ओलांडलें. रात्रीं पारा शून्याखालीं चाळीस अंशांच्याही खालीं गेला होता. त्या गवताचें गुणवर्णन त्यानेंही केलें आहे. आजच्या बुटांत गवताची जागा आंतील मऊ अस्तरानें घेतली आहे, परंतु नियम बदललेला नाहीं. रोज सायंकाळीं अस्तर बाहेर काढून वाळवावें, आणि सकाळीं कोरडा मोजा घालूनच निघावें. हल्लीं विजेच्या घटानें तापणारे मोजेही मिळतात. त्यांची मदत घ्यावी. पण ओल्या आणि घट्ट बुटांत त्यांचाही फारसा उपयोग होत नाहीं.

आतां शरीराच्या व्यवहाराकडे वळूं. दुष्काळांत शहाणा गृहस्थ आधीं घरांतल्यांच्या पोटाचें पाहतो, दूरच्या पाहुण्यांचें मागाहून. शरीरही थंडींत हृदय व मेंदू यांची ऊब प्रथम राखतें, आणि हातापायांच्या रक्तवाहिन्या आकुंचित करतें. म्हणून पाय गारठूं लागले तर कानटोपी, गळपट्टा आणि पोटऱ्यांवरील वस्त्र यांकडे आधीं पाहावें. पोटांत अन्न असावें. तंबाखू रक्तवाहिन्या आणखी आंवळते. मद्य त्वचेंतील वाहिन्या रुंद करून अंगची ऊब बाहेर घालवितें. दोन्ही वर्ज्य समजावींत. पाळण्यांत बसल्यावर बुटाच्या पट्ट्या सैल कराव्यात, पाय हलवीत राहावे, आणि उतरल्यावर पट्ट्या पुन्हां लावाव्यात.

शेवटची गोष्ट सर्वांत महत्त्वाची. थंडीनें बोटें दुखतात तोंवर तीं बोलत असतात. ऊब न मिळतां दुखणें अकस्मात् थांबलें, तर तें बरें झाल्याचें लक्षण नव्हे. तें मौन धोक्याचें आहे. बोट बधिर, पांढरें, मेणासारखें दिसूं लागलें तर हिमदंश झाला असें समजावें. अशा वेळीं भिडेखातर "आणखी एक फेरी" म्हणणाऱ्यास कधीं कधीं बोट गमवावें लागतें. १८१२ मध्यें नेपोलियनची सेना रशियांतून परतत असतां त्याचा शस्त्रवैद्य लारे यानें पाहिलें कीं, गोठलेले अवयव शेकोटीशीं धरणाऱ्यांचे फार हाल होतात. म्हणून बर्फानें चोळण्याचा उपाय त्यानें सांगितला, आणि तो पुढें शंभरांहून अधिक वर्षें चालला. शेकोटीविषयींचा त्याचा इशारा खरा होता. बर्फानें चोळणें मात्र घातक ठरलें आहे. आज सांगतात तें असें: चोळूं नये, विस्तवाशीं धरूं नये, निवाऱ्यास जाऊन, पाय पुन्हां गोठण्याची भीति नसेल तरच, ३७ ते ३९ अंश सेल्सिअस कोमट पाण्यांत ठेवावा. पाण्याची परीक्षा दुसऱ्याच्या धडधाकट हातानें करावी, आणि वैद्यास विनाविलंब गांठावें.

मोकळा बूट, कोरडा मोजा, उबदार अंग, आणि बोटांच्या तक्रारीकडे लक्ष, एवढी शिदोरी गुलमर्गास निघालेल्या आपल्या मुलांबरोबर अवश्य द्यावी. तीं जशीं जातील तशींच धडधाकट पायांनीं घरीं परत येवोत, अशी इच्छा व्यक्त करून मी आपली रजा घेतों.