घरातलं जड पाणी



ठिबकच्या नळीला ॲसिड कसं द्यायचं, हे आपल्या सावद्यात कुणाला शिकवावं लागत नाही. ड्रिपरच्या तोंडाशी क्षारांचा पांढरा थर धरला, केळीला पाणी कमी पडायला लागलं, की आपण ॲसिड सोडतो, लाइनीत मुरू देतो आणि मग लाइन धुऊन काढतो. पण तसंच बोअरचं पाणी घरात येतं, तेव्हा गिझरची कॉइल जळेपर्यंत कुणी लक्ष देत नाही. बागेइतकी काळजी घरानेही घ्यावी, एवढंच मला आज सांगायचं आहे.

हा क्षार येतो कुठून? सातपुड्याचा पायथा आणि तापी यांच्यामधल्या आपल्या गाळाच्या जमिनीत चुनखडी भरपूर. पावसाचं पाणी मुरताना मातीतला कार्बन डायऑक्साइड घेतं, किंचित आम्ल होतं आणि चुना विरघळवत खाली जातं. खडकातलं मॅग्नेशियमही त्यात उतरतं. हाच पाण्याचा जडपणा. तेच पाणी आपण खोल बोअरमधून उपसतो. तापवलं की कार्बन डायऑक्साइड उडून जातो आणि विरघळलेला चुना पुन्हा घट्ट होऊन पातेल्याच्या तळाशी, बंबाच्या नळीत, कॉइलवर बसतो. म्हणजे उकळल्याने काही जडपणा जातो. सल्फेट आणि क्लोराइडचा जडपणा मात्र उकळून जात नाही.

स्वयंपाकघरात याचा त्रास पहिल्यांदा तुरीच्या दाळीला होतो. दाळीतलं पेक्टिन कॅल्शियमला धरून ठेवतं आणि कण घट्ट राहतात. वरण-बट्टीचा बेत असावा आणि वरणात दाळ वेगळी, पाणी वेगळं राहावं, हे आपल्या बायाबापड्यांनी पिढ्यान् पिढ्या सोसलं. चिमूटभर सोडा घातला की दाळ शिजते, पण त्यात ब-1 जीवनसत्त्व नासतं. त्यापेक्षा पाणी आधी खळखळून उकळा, निवू द्या, तळ न ढवळता वरचं निवळ ओतून घ्या आणि दाळ त्यातच भिजवा, त्यातच शिजवा.

साबणाचा हिशेब तर डोळे उघडणारा आहे. पाण्याचा जडपणा, म्हणजेच कठीणपणा, लिटरला 400 मिलिग्रॅम असेल, तर पंधरा लिटरच्या बादलीत फेस यायच्या आधीच सुमारे 35 ग्रॅम साबण कॅल्शियमशी जुळून चिकट साका होतो. शंभर ग्रॅमच्या वडीतला एक तृतीयांश भाग वाया! डिटर्जंट पावडरचं इतकं नुकसान होत नाही, म्हणून जड पाण्यात कपड्यांना साबणवडीपेक्षा पावडर बरी.

आता दारावर येणाऱ्या आरओ यंत्राच्या विक्रेत्याबद्दल बोलतो, कारण त्याच्यापायी कष्टाचे पैसे जातात. तो टीडीएस मीटर बुडवतो, आकडा दाखवतो आणि घाबरवतो. टीडीएस म्हणजे विरघळलेले सगळे क्षार. कठीणपणा हा त्यातला एक भाग. मग तो दोन सळया पाण्यात सोडून वीज देतो आणि पाणी तांबूस, गढूळ होतं. ती घाण पाण्यातली नसते. लोखंडी सळई विजेने झिजते, तिचा तो गंज असतो. आरओच्या पाण्यात क्षार फार कमी असल्याने वीज नीट वाहत नाही, म्हणून ते स्वच्छ दिसतं.

यंत्र घेण्याआधी प्रयोगशाळेतून पाणी तपासा आणि एकूण कठीणपणाचा आकडा मागा. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात तो 200 पर्यंत असावा. दुसरा स्रोत नसेल तर 600 पर्यंत चालतो. नायट्रेट आणि जंतूंची तपासणीही करून घ्या, कारण प्रकृतीला खरा धोका त्यांचा. जड पाण्याने मुतखडा होतो, असं आपल्याकडे सर्रास म्हणतात. तसा ठोस पुरावा नाही. मे महिन्याच्या उन्हात दिवसभर शेतात राबायचं आणि पाणी कमी प्यायचं, हे मुतखड्याचं मोठं कारण.

गिझर साठ अंशांच्या खाली ठेवा. साठच्या वर गेलं की क्षार झपाट्याने बसतात. किटलीत लिटरभर कोमट पाण्यात दोन चमचे लिंबूसत्व घालून अर्धा तास ठेवलं की थर सुटतो. फरशीसाठी ॲसिड वापरत असाल, तर ते ब्लीचिंग पावडरीत कधीही मिसळू नका. त्यातून क्लोरिन वायू सुटतो आणि बंद मोरीत तो जिवावर बेततो.

पाण्याचा जडपणा काढणारं, मिठावर चालणारं सॉफ्टनर कपडे आणि अंघोळीला उत्तम. पण ते धुतल्यावर निघणारं खारं पाणी परसातल्या केळीला सोडू नका. केळीला मीठ सोसत नाही आणि सोडियमने आपली काळी जमीन चिकट, बंद होते.

माझा सगळ्यात जास्त भर मात्र पावसावर आहे. आपल्याकडे वर्षाला साधारण सातशे मिलिमीटर पाऊस पडतो. शंभर चौरस मीटरच्या स्लॅबवरून, गळती-वाफ वजा जाता, पन्नास हजार लिटरच्या वर पाणी मिळतं, आणि त्यात चुना जवळजवळ नाहीच. सगळं साठवायची गरज नाही. दाळ शिजवायला आणि डोकं धुवायला पुरेल एवढी, उजेड न शिरणारी, झाकणाची टाकी बसवा. पावसाळ्याआधी स्लॅब झाडून घ्या, मृगाचे पहिले दोन-तीन पाऊस बाहेर वाहू द्या, पन्हाळीच्या तोंडाला जाळी लावा. हे पाणी प्यायचं असेल तर उकळूनच प्या.