तो पैसा तडजोडीचा नाही



मार्वेहून येणाऱ्या बोटीत एका मावशींनी मला हळूच विचारलं, "पोरी, सरकारकडून पैसे घेतले की केस मिटते का गं?" कुणाची केस, ते त्यांनी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. पण हा प्रश्न बऱ्याच जणींच्या मनात असतो, म्हणून आज सगळ्यांसमोर बोलते.

नाही मिटत. आरोपीकडचे घरी येऊन "घ्या आणि गप्प बसा" म्हणतात, तो पैसा वेगळा. ही भरपाई सरकार देतं आणि केस चालूच राहते. बलात्कार, अ‍ॅसिड हल्ला, मुलांवरचे लैंगिक अत्याचार यासाठी आपल्याकडे 2013 पासून मनोधैर्य योजना आहे. 10 लाखांपर्यंत मदत मिळू शकते. निकालाची वाट बघत बसायचं नाही. आरोपी सापडला नाही तरी कायद्याने भरपाईचा अर्ज करता येतो.

अर्ज जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जातो, आपला जिल्हा मुंबई उपनगर. वकील परवडत नसेल तर 15100 वर फोन लावा. "काम करून देतो, टक्का द्या" म्हणणाऱ्याला दारातूनच परत पाठवा.

पोलिसांकडून एफआयआरची प्रत मागून घ्याच, ती फुकट मिळते. "आमची हद्द नाही" म्हणाले तर झिरो एफआयआर करायला सांगा. पण आधी दवाखाना! बलात्कार किंवा अ‍ॅसिडच्या केसमध्ये खासगी रुग्णालयालाही ताबडतोब मोफत उपचार द्यावे लागतात.

आणि खातं तिच्याच नावाचं हवं. हे बचत गटातल्या बायांना मी काय सांगू!

त्या मावशी इथे असतील तर हात वर करू नका. बैठक संपल्यावर मी जेट्टीवर थांबते, शेवटच्या बोटीपर्यंत.