हिंवाळ्यांतील मोटार आणि तिचा ताप

इंजिन थंड कसें ठेवावें ही महाराष्ट्रांतील मोटारवाल्याची नेहमींची काळजी. वैशाखांत घाट चढतांना बॉनेट उघडून उभी असलेली गाडी कोणीं पाहिलेली नाहीं? परंतु कॅनडांतील मॅनिटोबा किंवा अमेरिकेंतील मिनेसोटा येथील मोटारवाल्याला हिंवाळ्यांत नेमकी उलट चिंता असते. तेथें पारा शून्याखालीं वीस-तीस अंश सेल्सियसपर्यंत उतरतो, आणि इंजिन गरम कसें राहील हा प्रश्न पडतो. म्हणून तेथील कांहीं लोक गाडीच्या तोंडावरील जाळी झांकून टाकतात. हायब्रिड मोटारींत हा उपाय विशेष लाभाचा आहे, आणि विशेष जोखमीचाहि आहे.

ही युक्ति नवी नव्हे. गेल्या शतकाच्या पूर्वार्धांत थंड देशांतील लोक रेडिएटरवर कातड्याची किंवा कॅनव्हासची झूल चढवीत. त्याच सुमारास, १९१० नंतरच्या दशकांत, अमेरिकेंत 'बॉइस मोटोमीटर' नांवाचा तापमापक निघाला. तो रेडिएटरच्या टोपणावरच बसविलेला असे, आणि त्यांतील रेघ चालकाला बसल्या जागेवरून दिसे. वारा अडवावयाचा तर ताप मोजलाच पाहिजे, ही जोडी तेव्हांपासूनची आहे.

आतां मूळ यंत्रणा पाहूं. इंजिनाभोंवतीं फिरणारें पाणी व ग्लायकॉल यांचें मिश्रण उष्णता शोषून घेतें आणि रेडिएटरांत जाऊन ती वाऱ्यावर सोडतें. वाटेंत थर्मोस्टॅट नांवाची झडप असते. प्रियससारख्या गाडींत ती ८० अंशांच्या थोडें वर उघडूं लागते. त्याआधीं द्रव रेडिएटरांत जातच नाहीं. मग जाळी झांकून काय साधतें, अशी शंका येईल. उत्तर असें कीं, जाळींतून शिरणारा बोचरा वारा केवळ रेडिएटरला लागून थांबत नाहीं. तो इंजिनाच्या अंगाला व तळाच्या तेलाच्या पात्रालाहि झोंबतो आणि तेथील ऊब पळवितो.

साध्या गाडीचें इंजिन सतत चालू असल्यामुळें ही झीज तें भरून काढतें. हायब्रिडचें तसें नाहीं. सिग्नलपाशीं, उतारावर, मंद गतींत तिचें इंजिन बंद पडतें व बॅटरीवर काम चालतें. बचतीचें मर्म त्या विश्रांतींतच आहे. परंतु द्रव पुरेसें तापलेलें नसेल, किंवा आंतील माणसांना ऊब हवी असेल, तर गाडीचा संगणक इंजिनाला विश्रांति घेऊं देत नाहीं. मग पेट्रोल केवळ उष्णतेसाठीं जळत राहतें. ही अडचण कारखानदारांनींहि ओळखली होती. अमेरिकेंत विकल्या गेलेल्या दुसऱ्या पिढीच्या प्रियसमध्यें सुमारें तीन लिटर गरम द्रव थर्मासांत साठविण्याची सोय होती. २०१५ सालीं आलेल्या चौथ्या पिढींत तर जाळीमागें आपोआप उघडमीट करणाऱ्या झडपाच बसविल्या. जुन्या गाडीचे मालक तेंच काम नळाभोंवतीं गुंडाळावयाच्या फोमच्या पट्ट्या जाळीच्या फटींत बसवून करतात.

येथें फरक एवढाच कीं, कारखान्याची झडप ताप वाढतांच स्वतः उघडते. फोमची पट्टी उघडत नाहीं. तिचें डोकें म्हणजे चालकाचें डोकें. आणि प्रियसच्या दर्शनी फळ्यावर उष्णतामानाचा कांटा नसतो. द्रव फाजील तापल्यावर तांबडा दिवा लागतो. पण तोंवर बराच उशीर झालेला असतो. तापून वांकलेलें सिलिंडरचें डोकें आणि जळलेलें गॅस्केट यांच्या खर्चापुढें साऱ्या हिंवाळ्याची पेट्रोलबचत क्षुल्लक ठरते. शिवाय उणे तीस अंशांत निर्जन रस्त्यावर गाडी बंद पडणें ही पैशाची नव्हे, जिवाची गोष्ट आहे.

सुदैवानें मोजण्याची सोय गाडींतच आहे. १९९६ सालापासून अमेरिकेंत विकल्या जाणाऱ्या मोटारींत चालकाच्या गुडघ्यांपाशीं एक ठराविक आकाराची खोबण असते. तिच्यांत लहानसें वाचकयंत्र खोंचलें कीं द्रवाचें उष्णतामान अंकांत दिसतें. गाडी हा अंक चाळिसानें वाढवून पाठविते. १३० आले तर यंत्र ४० वजा करून ९० अंश दाखवितें. शून्याखालील मानहि अशा रीतीनें पाठवितां येतें.

हा अंक ८५ ते ९५ यांच्या दरम्यान असावा. दाबाच्या टोपणामुळें हें मिश्रण १०० अंशांवर उकळत नाहीं हें खरें. पण ती सवलत संकटासाठीं आहे, रोजच्या वापरासाठीं नव्हे. अंक शंभराकडे चढूं लागला तर सुरक्षित जागा पाहून थांबावें व पट्ट्या काढाव्या. गरम रेडिएटरचें टोपण मात्र कदापि उघडूं नये. द्रवाची पातळीहि नियमानें पाहावी. कारण द्रवच कमी असेल तर मापकाचें टोंक कोरडें पडतें आणि खोटा दिलासा देतें.

याहून नाजूक बाब इन्व्हर्टरची. बॅटरीची वीज मोटरला योग्य रूपांत देणाऱ्या या भागाचें थंड द्रव वेगळें फिरतें, आणि तें इंजिनाच्या द्रवाहून पुष्कळच थंड राहावें लागतें. इंजिनाला ९० अंश मानवतात. इन्व्हर्टरला तेवढा ताप सोसत नाहीं. म्हणून त्याच्या वाट्याची जागा झांकूं नये, आणि वाचकयंत्र दाखवीत असेल तर तोहि अंक पाहावा. इंजिनाचा अंक उत्तम असतांना इन्व्हर्टर तळमळत असणें शक्य आहे.

तेव्हां क्रम असा असावा: प्रथम अर्धी जाळी झांकावी, ओळखीच्या रस्त्यानें जावें, अंक पाहावा, आणि मगच आणखी झांकावें. थोडी फट सदैव मोकळी ठेवावी. लांब चढ किंवा उबदार दिवस आला तर पट्ट्या आधींच काढाव्या. वसंत लागतांच त्या गाडींतून उतरवाव्या.

मुंबई-पुण्याकडे हा प्रयोग म्हणजे हात दाखवून अवलक्षण. परंतु येथील अनेक घरांतील मुलें-मुली आज कॅनडांत व अमेरिकेंत संसार करीत आहेत. त्यांना पत्र लिहितांना लोंकरीच्या कपड्यांची आठवण जरूर द्यावी. आणि गाडीला पांघरूण घातलें असेल तर तिचा ताप कोण पाहतें, हेंहि एकदां विचारावें.