वीज पाहिजे, डोंगरही पाहिजे
(दिंडीच्या शताब्दी सोहळ्यात वडपे येथे केलेले भाषण)





आम्ही चौथी शिकलेले शेतकरी. पावसाळ्यात भात लावतो आणि कुणी बोलावलं तर कीर्तनाला उभे राहतो. शताब्दीला नामावर बोला, असं मंडळींचं म्हणणं होतं. नामावर रात्री कीर्तनात बोलूच. आता दुपारच्याला शेतकरी समोर बसलेत, तर एक संसारातली गोष्ट बोलतो. ती विजेची आहे आणि डोंगराची आहे.

पहिलं सांगतो, वीज नको असं आमचं म्हणणं नाही. हा कर्णा विजेवरच चाललाय. वारीत घाटावर ज्यांच्या ओट्यावर आपण मुक्काम करतो, त्या शेतकऱ्यांना विचारा. रात्री बाराला लाईट येते, मग बॅटरी घेऊन उसात पाणी धरायला जायचं. खाली साप, बांधाला बिबट्या. त्यांना दिवसा वीज मिळावी म्हणून मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना निघाली. उन्हावर वीज करायची आणि ती शेतीच्या पंपांना द्यायची. चांगलंच आहे. कोळशाच्या विजेत तरी काय सुख आहे? दिवा आपल्याकडे लागतो आणि राख चंद्रपूरच्या माणसाच्या अंगणात पडते.

पण उन्हाची, वाऱ्याची, पाण्याची वीज म्हटली की ती कुणाला दुखवतच नाही, हेही खरं नाही. कार्तिकीला आळंदीला जाताना आपण कर्जत, खोपोली करून बोरघाट चढतो. खोपोलीला डोंगरावरून मोठाले लोखंडी नळ उतरलेले दिसतात. लोणावळ्याकडचं पाणी त्यातून खाली येतं आणि चक्र फिरवतं. टाटांचं ते वीजघर १९१५ सालापासूनचं. त्यात कोळसा नाही, धूर नाही. पण तशाच विजेसाठी मुळशीला धरण बांधायला घेतलं तेव्हा मावळ्यांची भाताची खाचरं आणि देवळं पाण्याखाली जाणार होती. १९२१ सालच्या रामनवमीला मावळे सत्याग्रहाला बसले. पुढे सेनापती बापट त्यांचे पुढारी झाले, तुरुंगातही गेले. तरी धरण झालंच. वीज मुंबईच्या गिरण्यांना गेली आणि मावळ्याचं शेत तळाला गेलं. आपली दिंडी पहिल्यांदा निघाली ती साधारण याच काळात. म्हणून हा प्रश्न आजचा नाही, दिंडीच्याच वयाचा आहे.

दुसरी गोष्ट भीमाशंकरची. भीमा तिथे उगवते आणि पंढरपुरात तिलाच आपण चंद्रभागा म्हणतो. त्या अभयारण्याशेजारी खेड तालुक्याच्या डोंगरांवर पवनचक्क्या उभ्या राहिल्या. माधव गाडगीळांच्या समितीने २०११ साली पश्चिम घाटाचा अहवाल दिला, त्यात याचं लिहिलेलं आहे. चक्क्यांची अवजड पाती वर न्यायला खड्या चढावर रुंद रस्ते कापले. झाडं गेली, दगडमाती पावसाबरोबर ओढ्यांत उतरली. पिढ्यानपिढ्या त्या डोंगरात जाणाऱ्या माणसांना चौकीवर अडवू लागले. वारा फुकट आहे, पण तो धरायला जो रस्ता लागला त्याची किंमत ओढ्याने दिली. माउली, चंद्रभागेत स्नान करायचं आणि तिच्या माहेरच्या ओढ्यांकडे पाठ करायची, हे वारकऱ्याला शोभत नाही.

आता वडप्याकडे या. मुंबई-नाशिक हायवेला उभं राहून चौफेर बघा. भिवंडीच्या पट्ट्यात जिथे आपले बाप आवणी करायचे तिथे गोदामं आहेत. पत्र्यामागे पत्रा, एकरांच्या एकर. दिवसभर त्यावर ऊन पडतं आणि वाया जातं. एक मेगावॅट सौर विजेला जमिनीवर चार-पाच एकर जागा लागते. तेवढंच काम पत्र्यावर झालं तर एक गुंठाही नांगराखालून जात नाही. सगळेच पत्रे भार सोसणार नाहीत, ते इंजिनेराने तपासावं. पण आधी पत्रे भरा, मग माळाकडे बघा, एवढं आमचं मागणं आहे.

कारण माळ ओसाड नसतो. कागदावर त्याला पडीक म्हणतात. त्याच गायरानात गुरं चरतात, कातकरी भगिनी लाकूडफाटा आणि रानभाजी आणतात, पावसाचं पाणी तिथे मुरतं आणि खाली आपल्या विहिरीला येतं. त्याला तारेचं कुंपण पडलं की आधी कुणाची वाट बंद होणार? ज्याच्या नावावर सातबारा नाही त्याची.

खाजगी जमिनीला त्या योजनेत हेक्टरी सव्वा लाख रुपये वर्षाला भाडं आणि दरसाल तीन टक्के वाढ आहे. खडकाळ वरकस असेल आणि घरात सगळ्यांचं एकमत असेल, तर देणाऱ्याला आम्ही नावं ठेवणार नाही. पण असला करार पंचवीस-तीस वर्षांचा असतो. आज सही करणारा म्हातारा त्याचा शेवट बघणार नाही, नातू बघेल. म्हणून नातवाला शेजारी बसवून कागद वाचून घ्या.

आणि रात्रीचं काय, ऊन तर मावळतं? त्याचाही उपाय आपल्या शेजारी आहे. शहापूर तालुक्यात चोंढ्याला खालचं धरण आणि घाटमाथ्यावर घाटघरला वरचं. वीज जास्त असेल तेव्हा पाणी वर चढवायचं, गरजेला खाली सोडायचं. अडीचशे मेगावॅटचं काम आहे. अशी आणखी कामं सह्याद्रीत येणार आहेत. २०२३ साली भिवपुरी आणि शिरवत्याचा करार झालाच आहे. येतील तेव्हा मुळशी आठवायची आणि विचारायचं: कुणाची जमीन जाणार, पहिला दिवा कुणाच्या घरात लागणार, आणि ग्रामसभेला आधी विचारलं की खांब रोवल्यावर?

आपल्या हातात आहे तेवढं आपण करू. दिंडीच्या मंदिराच्या छपरावर या वर्षी सौर पॅनल बसवू. घरासाठी तीन किलोवॅटला सरकार अठ्ठ्याहत्तर हजारांपर्यंत अनुदान देतं, ज्याला जमेल त्याने घ्यावं. आणि गायरानाचा विषय निघेल त्या ग्रामसभेला दिंडीतला प्रत्येक माणूस हजर पाहिजे. एकादशी चुकवत नाही, तशी ती सभा चुकवायची नाही.

शंभर वर्षं आपण पायी चाललो, म्हणून वाटेतला प्रत्येक ओढा आणि डोंगर आपल्याला नावाने माहीत आहे. पुढच्या पोरांनाही तो नावाने माहीत राहावा, एवढंच पांडुरंगाच्या चरणी मागणं.

पुंडलिक वरदे हारी विठ्ठल!