शाळकरी मुलांची दृष्टी : संशोधन आणि गावाची जबाबदारी



फळ्यावरचे अक्षर ज्याला दिसत नाही, ते मूल तशी तक्रार क्वचितच करते. इतरांनाही जग असेच अंधुक दिसत असावे, अशी त्याची समजूत असते. ते शेजाऱ्याच्या वहीतून उतरवून घेते, मागे पडते आणि ‘मठ्ठ’ ठरते. दोष बुद्धीत नसून दृष्टीत आहे, हे वेळीच ओळखणे हा आरोग्याइतकाच शिक्षणाचाही प्रश्न आहे.

ही ‘वेळ’ कोणती, याचे उत्तर संशोधनाने दिले आहे. हार्वर्ड विद्यापीठातील ह्यूबेल आणि वीझेल या शास्त्रज्ञांनी मांजरीच्या पिलांचा एक डोळा काही काळ बंद ठेवला. डोळा पुन्हा उघडल्यावर तो निरोगी असूनही मेंदूने त्याची दखल घेणे जवळजवळ सोडून दिल्याचे आढळले. या शास्त्रज्ञांना १९८१ साली नोबेल पारितोषिक मिळाले. मुलांचेही असेच घडते. तिरळेपणा किंवा एका डोळ्याचा मोठा नंबर दुर्लक्षिला गेला, तर तो डोळा मंद होतो. उपचार सात-आठ वर्षांच्या आत सुरू झाल्यास गुण चांगला येतो. पुढे ते कठीण होत जाते. तिरळेपणाला भाग्याचे लक्षण मानून स्वस्थ बसणे म्हणूनच घातक होय. बाहुलीत पांढरी झाक दिसल्यास तर एक दिवसही दवडू नये. तो मोतीबिंदू किंवा डोळ्याचा कर्करोगही असू शकतो.

दुसरा प्रश्न लघुदृष्टीचा. दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेतील संशोधकांनी तेथील ९,८८४ शाळकरी मुलांची तपासणी केली. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या पाहणीत १३.१ टक्के मुलांना लघुदृष्टी आढळली. त्याच वर्षी चीनमधील ग्वांगझू येथील १२ प्राथमिक शाळांतील प्रयोगाचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. काही शाळांत मुलांना रोज ४० मिनिटे अधिक मोकळ्या उजेडात नेण्यात आले. तीन वर्षांनी तेथे ३०.४ टक्के मुलांना नव्याने लघुदृष्टी झाली. इतर शाळांत हे प्रमाण ३९.५ टक्के होते. शाळेचे मैदान ही चैन नव्हे, हे यावरून पंचायतींनी ध्यानी घ्यावे.

तथापि दोष शोधून चष्मा दिला की काम संपले, असे नाही. पुणे जिल्ह्यातील ग्रामीण माध्यमिक शाळांविषयीचा २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास या दृष्टीने बोलका आहे. चष्मे दिलेल्या १,०१८ विद्यार्थ्यांची पुन्हा पाहणी केली असता केवळ ३०० जणांच्या डोळ्यांवर चष्मा होता. कुणाचा फुटला होता, कुणाचा घरी राहिला होता. कित्येकांनी सोबत्यांच्या चिडवण्यामुळे तो काढून ठेवला होता. हे चिडवणे थांबविणे डॉक्टरांच्या हाती नाही, ते वर्गशिक्षकांच्या हाती आहे.

नाशिकजवळ म्हसरूळ येथे मुख्यालय असलेले महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ १९९८ साली स्थापन झाले. राज्यभरातील वैद्यकीय महाविद्यालये त्याला संलग्न असून पदव्युत्तर विद्यार्थ्यांना प्रबंध सादर करावा लागतो. पेठ, सुरगाणा, त्र्यंबकेश्वर या तालुक्यांतील आश्रमशाळा आणि अंगणवाड्या अशा अभ्यासांचा विषय झाल्या, तर ज्ञान आणि गरज यांची गाठ पडेल.

सरकारी व्यवस्थाही उपलब्ध आहे. २०१३ पासूनच्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमानुसार फिरत्या पथकांनी अंगणवाडीत वर्षातून दोनदा व शाळेत एकदा तपासणी करावयाची असते. नवव्या महिन्यापासून पाच वर्षांपर्यंत ‘अ’ जीवनसत्त्वाच्या नऊ मात्रा दिल्या जातात. रातांधळेपणा किंवा डोळ्याच्या पांढऱ्या भागावरील फेसासारखा डाग ही या जीवनसत्त्वाच्या अभावाची खूण होय. शेवग्याचा पाला, पपई, आंबा यांचे आहारातील स्थान त्यासाठीच महत्त्वाचे.

पथक येईल तेव्हा येईल. शिक्षकांना मात्र आजच आरंभ करता येईल. सहा मीटर अंतरावर अक्षरतक्ता लावावा, एकेक डोळा तळहाताने झाकून वाचावयास सांगावे, आणि अडखळणाऱ्या मुलांची यादी प्राथमिक आरोग्य केंद्राकडे पाठवावी. पथकाच्या भेटीच्या दिवशी किती मुले गैरहजर होती आणि पुढे पाठविलेल्यांपैकी किती रुग्णालयापर्यंत पोहोचली, हे ग्रामसभेने विचारावे. एवढे घडले, तरी ‘मठ्ठ’ ठरलेली कित्येक मुले पुन्हा फळ्याकडे पाहू लागतील.