रक्ताच्या कॅन्सरविषयी चार शब्द
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



माझे शिक्षण सातवीपर्यंत. ही बाई या विषयावर काय बोलणार, असे कुणाला वाटले तर नवल नाही. पण आमच्या घरात हे दुखणे सहा वर्षे आहे, आणि दवाखान्याच्या बाकावर बसून माणूस पुष्कळ शिकते.

आपले रक्त हाडांतल्या मगजात तयार होते. डॉक्टर त्याला बोनमॅरो म्हणतात. तिथे एखादी पेशी बिघडते आणि तण माजावे तशी वाढत सुटते. चांगल्या पेशींना जागा उरत नाही. तांबड्या पेशी घटल्या की फिकेपणा नि धाप, प्लेटलेट घटल्या की अंगावर निळे डाग, हिरड्यांतून रक्त. आणि कामाच्या पांढऱ्या पेशी नसल्या की ताप पाठ सोडीत नाही. हा ल्युकेमिया. मानेच्या, काखेच्या गाठींत सुरू होतो तो बहुधा लिम्फोमा. त्याला गाठीचा तुकडा काढून तपासतात. तिसरा मायलोमा, बहुतकरून उतारवयातला. त्यात कंबर, हाडे दुखतात आणि आपण तेल चोळीत बसतो!

ल्युकेमियात पुन्हा एक जलद, एक संथ. माझ्या धाकट्या जावेला संथ प्रकारातला सी.एम.एल. आहे. तिला विचारूनच सांगते आहे. डाव्या बरगडीखाली जड वाटे, दोन घासांत पोट भरे. घरात सगळे म्हणत, पित्त. ती प्लीहा वाढलेली होती. साध्या रक्ततपासणीत पांढऱ्या पेशी दीड लाखावर निघाल्या. त्या अकरा हजारांच्या आत हव्यात. मग कमरेचे हाड बधिर करून सुईने मगज काढला. कळ येते, पण जाऊ म्हणाली, "बाळंतपणापुढे काहीच नाही." शेवटी गुणसूत्रांची तपासणी झाली.

या गुणसूत्रांची गोष्ट मला फार आवडते. 1960 साली अमेरिकेत फिलाडेल्फियाच्या दोघा संशोधकांना या रोग्यांच्या पेशींत एक गुणसूत्र आखूड दिसले. त्याचा तुकडा गेला कुठे, ते 1973 साली शिकागोच्या डॉ. जॅनेट राऊली यांनी दाखविले. चार मुलांची आई! गुणसूत्रांचे फोटो कात्रून त्या घरच्या जेवणाच्या टेबलावर जुळवीत, आणि मुले चिडवीत की आई कागदाच्या बाहुल्या खेळते. बाविसाव्याचा तुकडा नवव्याला आणि नवव्याचा बाविसाव्याला चिकटला होता. त्या चुकीच्या सांध्यामुळे पेशी थांबायचे विसरतात. तो खोडा काढणारी इमॅटिनिब ही गोळी 2001 साली अमेरिकेत मान्य झाली. आपल्याकडे 2013 साली सर्वोच्च न्यायालयाने परदेशी कंपनीचा पेटंटचा दावा फेटाळला, म्हणून देशी कंपन्यांची स्वस्त गोळी मिळत राहिली.

तीन महिन्यांत जावेला बरे वाटू लागले. तेव्हा वडीलधारी म्हणाली, आता गोळी बंद कर. मुलीचे लग्न जमवायचे आहे, डबी कुणाच्या नजरेस पडेल. डॉक्टरांनी बजावले होते की गोळी रोगाला दाबून ठेवते, मनाने सोडली तर तो उसळतो. तिने डबी देवघराच्या फळीवर उघडी ठेवली आणि पाहायला आलेल्यांना आपणच सांगितले. एक स्थळ गेले. दुसऱ्यांनी विचारले, मुलीला होईल का? हा रोग आईकडून लेकीकडे जात नाही, ताटा-वाटीतून लागत नाही, हे तिने डॉक्टरांकडूनच त्यांना ऐकविले. लग्न झाले.

लहान मुलांत जलद ल्युकेमिया जास्त आढळतो. त्याची कीमो दोन-अडीच वर्षे चालते. पुष्कळ मुले त्यातून पूर्ण बरी होतात, पण मूल खेळू लागले की काही आईबाप मध्येच गाव गाठतात, आणि तिथेच घात होतो. काहींना दुसऱ्याचा मगज द्यावा लागतो. सख्ख्या भावंडाचा जुळण्याचा संभव चारांत एक.

या मुलांना रक्त आणि प्लेटलेट सारखे लागतात. वय अठरा ते पासष्ट, वजन पंचेचाळीस किलोच्या वर आणि हिमोग्लोबिन साडेबारा असलेल्या बाईला दर चार महिन्यांनी रक्त देता येते. वही कार्यवाह बाईंच्या टेबलावर आहे. चहाला जाण्याआधी नावे घालावीत.